झाकली मूठ

आमच्या शाळेच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या खणात, ओल धरलेल्या जुन्या हजेरीपटांच्या खाली, एक जाड बांधणीची वही आहे. वहीवर निळ्या शाईने ‘बक्षीस-ठेवी’ अशी अक्षरे काढलेली आहेत. टाकाने काढलेली, फार सुरेख. मी ह्या शाळेत चित्रकला शिकवते, मुलांच्या अक्षराला वळण लावते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. तेव्हा इतिहासावर लिहिण्याचा माझा अधिकार तो कितीसा, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच, की ह्या वहीने मला एका इतिहासाच्या दाराशी नेऊन उभे केले आणि आत डोकावल्यावाचून मला परतवेना.

वही उघडण्याचे कारण घरगुती होते. गेल्या वर्षी श्रावणात माझी आई गेली. तिच्या ट्रंकेत, पातळांच्या घडीखाली, बँकेतल्या ठेवींच्या पावत्या निघाल्या. सगळ्या मिळून एक लाख चाळीस हजार रुपये. वडील गेल्यावर तिने तीस वर्षे लोकांचे कपडे शिवले, त्यातून मागे टाकलेले हे पैसे. जाण्यापूर्वी ती एवढेच म्हणाली होती, “शाळेतल्या मुलींच्या उपयोगी पडेल असं काहीतरी कर.” काय, कसे, कोणाला, हे तिने सांगितले नाही. दादाच्या मनात आईच्या नावाची चांदीची ढाल होती, गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी. माझ्या मनात चित्रकलेचे बक्षीस होते. दादा हिशेबनीस आहे. म्हणजे दोघेही आईच्या पैशाने आपापलाच धंदा सजवू पाहत होतो!

आमचे मुख्याध्यापक सावध गृहस्थ. ते म्हणाले, “बाई, आधी जुनी वही बघा, मग ठरवा.”

मी बघितली. १९३८ साली एका सद्‌गृहस्थांनी २०१ रुपये ठेवले होते. अट अशी, की व्याजातून दर वर्षी सर्वांत सुबक मोडी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस द्यावे. त्या काळी ही रक्कम म्हणजे प्राथमिक शिक्षकाचा कित्येक महिन्यांचा पगार. पुढे शाळांतून मोडी गेली, अट राहिली. दुसरी ठेव टकळीवर सर्वांत बारीक सूत काढणाऱ्या मुलासाठी. तिसरी एका ठराविक गावच्या, ठराविक ज्ञातीच्या, ठराविक आडनावाच्या हुशार मुलासाठी. त्या आडनावाचे घरच आता त्या गावात नाही. प्रत्येक ठेवीपुढे दर वर्षी एकच शेरा: ‘योग्य उमेदवार नाही. व्याज पुढे ओढले.’ पानेच्या पाने तेच.

मला त्या दात्यांचा राग आला नाही, वाईट वाटले. त्यांनी हात पुढे केला होता. पण तळहातावरचा पैसा कोणी उचलण्याआधीच बोटे मिटून घेतली होती. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. अब्रूच्या बाबतीत ते खरे असेल. दानाच्या बाबतीत मात्र झाकल्या मुठीतला पैसा झिजत जातो, हे त्या वहीने मला दाखवले.

मरणाऱ्याची इच्छाही राखावी आणि जगणाऱ्याची गरजही भागावी, हे दोन्ही साधायचे कसे? हा प्रश्न जगात आणखी कोणाला पडला असेलच, असे मला वाटले. भाच्याने कागद आणून दिले, मी शब्दकोश जवळ घेतला, आणि दिवाळीच्या सुट्टीत सुरू झालेल्या त्या वाचनात माझी गाठ एका बँकवाल्याशी पडली.

फ्रेडरिक हॅरिस गॉफ हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहराचे. पेशाने वकील. १९०८ साली ते तिथल्या क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी ह्या बँकेचे अध्यक्ष झाले. एरी सरोवराच्या काठचे हे शहर त्या वेळी पोलादाच्या धुरात न्हालेले होते. रॉकफेलर ह्यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा जन्म १८७० मध्ये ह्याच शहरातला. युरोपातून आलेल्या मजुरांचे लोंढे, त्यांच्या दाट वस्त्या, आणि थोड्या अंतरावर धनिकांचे वाडे, असा सगळा देखावा. धनिक लोक मृत्युपत्रे करीत, त्यांतली पुष्कळशी सांभाळायला बँकेकडे येत, आणि गॉफ ती वाचीत. वाचता वाचता त्यांच्या ध्यानात आले, की जे आमच्या शाळेच्या कपाटात झाले तेच मोठ्या प्रमाणावर सगळीकडे होत आहे. मेलेला माणूस थडग्यातून हात वर काढतो आणि जिवंत माणसांच्या पैशाची गळचेपी करतो. इंग्रजी कायद्यात ‘मेलेला हात’ हा शब्दप्रयोग जुनाच होता. गॉफ ह्यांनी त्या हाताशी उभा दावा मांडला.

अशा हातांची उदाहरणे अमेरिकेत कमी नव्हती. सेंट लुईस शहराचे एके काळचे महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. त्या दिवसांत पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या गोरगरिबांचे तांडे ह्या शहरावरून जात. वाटेत कोणी आजारी पडे, कोणाची शिदोरी संपे. मुलनफींनी आपल्या इस्टेटीचा तिसरा हिस्सा अशा वाटसरूंसाठी ठेवला. त्या घडीला ह्याहून शहाणे दान ते कोणते? पण पुढे आगगाड्या आल्या, पश्चिमेकडची वस्ती भरली, तांडे थांबले. पैसा मागे राहिला आणि तो घेणारा वाटसरू मिळेनासा झाला.

बेंजामिन फ्रँकलिन तर दूरदृष्टीचा पुतळा. १७९० साली ते वारले तेव्हा बॉस्टन आणि फिलाडेल्फिया ह्या दोन शहरांना त्यांनी प्रत्येकी १००० पौंड दिले. उमेदवारी पुरी केलेल्या तरुण, विवाहित कारागिरांना शेकडा ५ व्याजाने कर्जे द्यावीत आणि हा फेर दोनशे वर्षे चालवावा, अशी योजना. पण कारखाने आले आणि गुरूच्या घरी राहून धंदा शिकण्याची रीतच मोडली. अटीत बसणारा कर्जदार मिळणे कठीण होत गेले. दोनशे वर्षे भरली तेव्हा, १९९० मध्ये, बॉस्टनच्या निधीत सुमारे ४५ लाख डॉलर होते, फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख. रक्कम डोळे दिपवणारी खरी. परंतु ज्याच्यासाठी ती ठेवली तो कारागीर कधीच दिसेनासा झाला होता. फ्रँकलिनांची ही गत, मग आमच्या मोडीवाल्या सद्‌गृहस्थांना काय बोल लावावा?

२ जानेवारी १९१४ रोजी गॉफ ह्यांच्या बँकेने एक ठराव केला आणि क्लीव्हलँड फाउंडेशन जन्माला आले. इंग्रजीत अशा संस्थेला ‘कम्युनिटी फाउंडेशन’ म्हणतात. मी आपली तिला ‘गावनिधी’ म्हणते. आपल्या पाकशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्याची कृती तीन ओळींची आहे. एक: प्रत्येकाने वेगळी चूल मांडू नये, गावातल्या लहानमोठ्या सगळ्या दात्यांचा पैसा एका निधीखाली यावा आणि मूळ मुद्दल कायम राहावे. दोन: तिजोरीची किल्ली एकाकडे आणि खर्चाची वही दुसऱ्याकडे असावी, बँकेने पैसा सांभाळावा, वाढवावा, पण तो कोणाला द्यायचा हे वेगळ्या समितीने ठरवावे. तीन, आणि ही मुख्य: दात्याने सांगितलेला हेतू काळाच्या ओघात निरुपयोगी ठरला, तर तो बदलण्याचा अधिकार त्या समितीला असावा.

समिती पाच जणांची. दोघांना बँकेने नेमावे, एकाला महापौरांनी, एकाला मृत्युपत्रांचे काम पाहणाऱ्या न्यायाधीशांनी आणि एकाला तिथल्या संघीय न्यायालयाच्या न्यायाधीशांनी. सभासद त्याच शहरातले असावेत आणि एकाच धर्मपंथाचे दोघांहून जास्त नसावेत. ह्या शेवटच्या अटीवर मी बराच वेळ थांबले. नाना पंथांच्या मजुरांनी भरलेल्या शहरात देणाऱ्याचा देव आणि घेणाऱ्याचा देव निराळा असणार, हे त्या वकिलाने आधीच हेरले होते.

गंमत अशी, की निधी स्थापन झाला तेव्हा हाताशी खर्चायला पैसाच नव्हता! लोकांनी मृत्युपत्रात निधीचे नाव घालायचे, मग ते वारायचे, मग पैसा यायचा. तोवर काय करावे? गॉफ ह्यांनी ठरवले, की पैसा येईपर्यंत गावाची नाडी पाहून ठेवू. गरिबांना मदत करणाऱ्या संस्थांची पाहणी झाली. १९१५-१६ मध्ये लेनर्ड एअर्स ह्यांच्या देखरेखीखाली शहरातल्या शाळांची पाहणी झाली. तिचे वीसहून अधिक लहान ग्रंथ निघाले. पुढे १९२१-२२ मध्ये रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर ह्या दोन नामांकित कायदेपंडितांकडून शहराच्या फौजदारी न्यायाची झडती घेण्यात आली. दान देण्याआधी गावात काय दुखते ते विचारायचे, ही चाल इथून पडली. १९२३ मध्ये गॉफ वारले. निधीची शंभर वर्षे २०१४ मध्ये पुरी झाली तेव्हा त्याची पुंजी दोन अब्ज डॉलरच्या घरात होती. पण गॉफ ह्यांना पाहायला मिळाले ते फक्त आळे आणि कोवळे रोप.

कल्पना मात्र वणव्यासारखी पसरली. १९१५ ह्या एकाच वर्षात शिकागो, बॉस्टन, मिलवॉकी, मिनिअ‍ॅपोलिस, सेंट लुईस, लॉस एंजेलिस अशा शहरांत गावनिधी निघाले. १९२१ मध्ये ती सरहद्द ओलांडून कॅनडातल्या विनिपेगला पोहोचली. तिथे विल्यम अ‍ॅलोवे ह्या पेढीवाल्याने एक लाख डॉलर देऊन निधीचा पाया घातला. मग तीन वर्षांनी, १९२४ मध्ये, दुसरी देणगी आली. एक लिफाफा, आत पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी. देणारणीने नाव लिहिले नव्हते. फक्त बायबलातल्या त्या गरीब विधवेच्या दमडीचा उल्लेख होता, जिने होते नव्हते ते सारे देवळाच्या पेटीत टाकले. एक लाखाशेजारी पंधरा डॉलर! पण विनिपेगने दोन्ही देणग्या एकाच निधीत जमा केल्या आणि दोन्हींची आठवण सारख्याच मानाने ठेवली. आईच्या पावत्या टेबलावर पसरून मी हे वाचीत होते. पुढच्या ओळी मला काही वेळ दिसल्या नाहीत.

हेतू बदलण्याची ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी आहे, असे वाचकांनी समजू नये. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी तळेगावी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा घातली. पुढे पेशव्यांनी ती पुण्यात चालवली, आणि राज्य गेल्यावर इंग्रज सरकारनेही तिचा काही भाग चालू ठेवला. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिला पैसा ह्याच दक्षिणेचा. मग १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्ज केला, की ह्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांकडे वळवावा. पुण्यात केवढा गहजब झाला! अर्ज करणाऱ्यांच्या पाठीशी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. दान तेच, ओंजळ निराळी. पुण्याला ज्यासाठी अर्ज, आरडाओरडा आणि अंगरक्षक लागले, ते काम गॉफ ह्यांनी घटनेच्या एका कलमात बसवले. त्यांचा मोठेपणा मला ह्यात दिसतो.

आता ह्या इतिहासाच्या कमी बोलल्या जाणाऱ्या भागाकडे वळते. गावनिधी निघाले खरे, पण प्रत्येक गाव आपापल्या अंधारात चाचपडत होते. १९२९ नंतरच्या मंदीत कित्येक निधी नावापुरते उरले. दस्तऐवज कसा लिहावा, बँकेशी भांडण झाले तर काय करावे, कराच्या कचेरीला काय उत्तर द्यावे, हे प्रत्येकाने नव्याने शिकायचे. म्हणून १९४९ मध्ये काही गावनिधींनी मिळून एक राष्ट्रीय समिती स्थापन केली. १९५७ मध्ये तिचे नाव गावनिधींची राष्ट्रीय परिषद असे झाले. १९६४ मध्ये तिने इतर प्रकारच्या धर्मादाय निधींनाही दार उघडले आणि ती ‘कौन्सिल ऑन फाउंडेशन्स’ झाली. निधींना आधार देणारा हा संघ. तो स्वतः उपाशी माणसाला जेवू घालीत नाही, शाळा बांधीत नाही. तो नमुन्याचे दस्तऐवज करतो, माणसे शिकवतो, सरकारदरबारी बाजू मांडतो, आणि एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला कळवतो.

अशा संघाची गरज किती, ते १९६९ मध्ये दिसले. त्या वर्षी अमेरिकेत करसुधारणेचा कायदा झाला आणि एका कुटुंबाच्या खाजगी निधीवर कडक बंधने आली. त्यातून सुटायचे तर गावनिधीने आपण खरोखर गावाचे आहोत हे सिद्ध करायचे. कसे? तर मिळणाऱ्या आधाराचा निदान तिसरा हिस्सा सर्वसाधारण जनतेकडून येतो हे दाखवून. तेवढा नसेल तर निदान दहावा हिस्सा, आणि शिवाय लोकांची संस्था असल्याची दुसरी लक्षणे. म्हणजे एका लक्षाधीशाच्या देणगीवर गाव म्हणवून घेता येत नाही. दारोदार जावे लागते. विनिपेगच्या लिफाफ्यातल्या तीन नाण्यांची किंमत काय, ते कायद्यानेच असे सांगून टाकले.

पण ह्या आधार देणाऱ्या संघांचे स्वतःचे पोट कशावर चालते? मी हिशेबनिसाची बहीण आहे. हा प्रश्न मला सोडवेना. इंग्लंडमधले उदाहरण घेते. तिथे १९९१ मध्ये गावनिधींचा संघ निघाला. त्यालाच २०१३ पासून ‘यूके कम्युनिटी फाउंडेशन्स’ म्हणतात. अशा संघाला पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट सभासद निधींची वर्गणी. दुसरी मोठ्या धर्मादाय निधींचे अनुदान. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट येथे मोटारधंद्यातले चार्ल्स स्ट्युअर्ट मॉट ह्यांनी १९२६ मध्ये स्थापलेला निधी गेली कित्येक दशके देशोदेशींच्या गावनिधींना आणि त्यांच्या संघांना मदत करीत आला आहे. तिसरी वाट म्हणजे सरकारच्या किंवा राष्ट्रीय मदतनिधीच्या योजना: पैसा वरून येतो, संघामार्फत गावोगावी वाटला जातो, आणि वाटपाच्या खर्चापुरते काही संघाकडे राहते.

ही तिसरी वाट फसवी आहे. २००८ ते २०११ ह्या काळात इंग्लंडात सरकारची एक योजना होती. तीत लहान लहान स्थानिक मंडळांना २५० पासून ५,००० पौंडांपर्यंत मदत मिळे. वाटपाचे काम बहुतेक ठिकाणी गावनिधींनी केले. वाटायची एकूण रक्कम ८ कोटी पौंड. मार्च २०११ मध्ये योजना संपली. त्यानंतर चार वर्षे दुसरी योजना आली: दात्यांनी कायम निधीत दोन पौंड घालावेत, म्हणजे सरकार एक घालील, सरकारने ह्यासाठी ५ कोटी पौंड बाजूला ठेवले. तीही संपली. २०२० च्या साथीत राष्ट्रीय आपत्ती न्यासाने जवळजवळ १० कोटी पौंड गोळा केले आणि ह्याच गावनिधींच्या जाळ्यातून ते गल्लीबोळांत पोहोचवले. एवढ्या घाईत एवढा पैसा वाटता आला, कारण वाटणारे हात आधीपासून शिकून तयार होते. पण जमाखर्च पाहणाऱ्याला काय दिसते? एका वर्षी संघाच्या वहीत महापूर, पुढच्या वर्षी वाळवंट. आणि महापुरातले पाणीदेखील त्याचे नव्हेच. ते नुसते त्याच्या अंगणातून वाहून गेलेले. ज्या पैशाचा मार्ग आधीच ठरलेला असतो तो बांधील पैसा. कारकुनाचा पगार, दिव्याचे बिल, हिशेबतपासनिसाची फी भागते ती मोकळ्या पैशातून; आणि मोकळा पैसा कोणाला द्यावासा वाटत नाही.

दात्याला उपाशी मूल दिसते. त्या मुलापर्यंत भाकरी नेणाऱ्याची चप्पल झिजते, ती दिसत नाही. विहिरीवर आलेला जो तो पाण्याची चव वाखाणतो. दोरीबद्दल कोणी बोलत नाही. दोरी तुटते त्या दिवशी मात्र साऱ्या गावाच्या घागरी रिकाम्या परत जातात.

ह्या कल्पनेत दोष नाहीत असे नाही. गॉफ ह्यांच्या समितीत बँकेचे, महापौरांचे आणि न्यायाधीशांचे नेमलेले लोक होते. ज्यांच्यासाठी पैसा, ते मजूर समितीत कुठे होते? गावासाठी ठरवणे आणि गावाने ठरवणे ह्यांत अंतर आहे. शिवाय कायम निधी उभा राहतो तो जिथे श्रीमंत मरतात तिथे. जिथे सगळेच गरीब तिथे मुद्दल कोण ठेवणार? आपल्या मुंबईत १९९१ मध्ये ह्याच धर्तीवर ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ स्थापन झाला. २००६ मध्ये गावनिधींसाठी एक जागतिक निधी निघाला. आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतल्या नव्या गावनिधींना तो छोटी अनुदाने देतो. त्याचे म्हणणे असे, की आधी गावातल्या माणसांनी आपले चार पैसे घालावेत, म्हणजे निर्णयातही त्यांचा हात राहील. विनिपेगच्या त्या अनामिक बाईचा हा विजयच म्हणायचा.

सुट्टी संपली आणि मी दादाच्या घरी गेले. त्याला ही सगळी हकीकत सांगितली. तो म्हणाला, “म्हणजे कशासाठी ते लिहायचंच नाही? उद्या कोणी त्या पैशाचे लाडू वाटले तर?” प्रश्न खोटा नव्हता. मूठ उघडायची म्हणजे ही भीती आलीच. मी म्हणाले, “आईने आपल्याला कशासाठी ते सांगितलं होतं का? तिने भरवसा ठेवला. आपण ढाल आणि चित्रं मध्ये घातली.”

दादा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने चष्मा लावला आणि आम्ही दोघांनी मिळून कागद केला. ठेव आईच्या नावाची. हेतू: ह्या शाळेतल्या मुलींचा उपयोग. कोणता उपयोग, ते दर वर्षी तिघांनी ठरवावे: मुख्याध्यापक, शिक्षकांनी निवडलेली एक व्यक्ती, आणि शाळा सोडून गेलेली एक माजी विद्यार्थिनी. व्याजातल्या दर शंभर रुपयांमागे दहा रुपये वही ठेवण्याच्या खर्चाला. ह्या शेवटच्या ओळीवर दादा अडेल अशी माझी अपेक्षा होती. मी विहिरीची दोरी तोंडाशी तयार ठेवली होती. तो नुसता हसला. “हिशेब ठेवायला पैसे लागतात, हे तू मला सांगणार?”

मोडीच्या, टकळीच्या त्या जुन्या ठेवींसाठी मुख्याध्यापकांनी वकिलांचा सल्ला घेतला आहे. मूळ हेतू पुरा करणे अशक्य झाले, तर न्यायालयामार्फत शक्य तितक्या जवळच्या हेतूकडे पैसा वळवण्याची सोय आपल्या राज्याच्या १९५० च्या विश्वस्त कायद्यात, ५५ व्या कलमात आहे. जवळचा हेतू कोणता, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणाले, “सुवाच्य अक्षर. लिपी कोणती, ते त्या त्या काळच्या मुलांवर सोडा.”

आईच्या ठेवीचे पहिले व्याज ह्या वर्षी आले. तिघांची सभा माझ्या चित्रकलेच्या वर्गात भरली. गणित नाही, चित्रकला नाही. माजी विद्यार्थिनी म्हणून आलेली मुलगी आता तालुक्याला परिचारिका आहे. ती म्हणाली, “मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नाही आणि दिवा नाही. मी शाळेत होते तेव्हाही नव्हता.” आम्ही तिथे रोज वावरणारे दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आजवर आमच्या वहीत एवढे दाते होऊन गेले, पण मुलींना काय हवे ते विचारले होते कोणी?

कडी बसली, दिवा लागला. उरलेल्या पैशात धावण्याच्या शर्यतीत जिल्ह्यापर्यंत गेलेल्या एका मुलीला बूट घेतले. वर्षअखेरीला मुख्याध्यापकांनी ती जाड वही माझ्यापुढे सरकवली; म्हणाले, “अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्हीच लिहा.” मी टाक शोधून काढला, निळी शाई भरली आणि आईच्या नावापुढच्या रकान्यात लिहिले: ‘व्याज खर्च झाले.’